जुनी लॉरी थंड असताना बघा

आज जुनी लॉरी विकत घेण्याबद्दल बोलू.

इथे कुंभकोणमला शेजारचा मुलगा भाताची पोती वाहायला लॉरी घेणार होता. त्यासाठी आईचे दागिने गहाण टाकायचं ठरलं होतं. मला म्हणाला, "काका, बघायला चला ना."

सकाळी सहाला पोचलो. रेडिएटरजवळ हात नेला, तर गरम! मालक म्हणाला, "तुमच्यासाठीच चालू करून ठेवली." आम्ही परत फिरलो.

दुसऱ्या दिवशी न कळवता गेलो. थंड इंजिन चौथ्या सेल्फला उठलं आणि निळा धूर थांबेचना. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय. फौजेतली सवय, मी गाडीखाली शिरलो. पाट्यांच्या ब्रॅकेटजवळ चेसिसला तेवढ्याच जागी नवा रंग होता. खरवडला, तर खाली वेल्डिंग.

कागदही असेच तपासा. चेसिसवर कोरलेला नंबर आरसीशी अक्षर न् अक्षर जुळवा. गाडी ८ वर्षांवरची असेल तर फिटनेस दरवर्षी लागतं, तारीख बघा. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घ्या. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. तमिळनाडूची गाडी महाराष्ट्रात नोंदवायची तर फॉर्म २८ वर आरटीओची एनओसी. हे हातात येईपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका. खासगी विक्रेत्याकडे वॉरंटी नसते.

मुलाने ती लॉरी सोडली. दागिने अजून कपाटातच आहेत. लॉरी दुसरी मिळेल.

जय हिंद.