अनंतकाळ डोळ्यांपुढे ठेवून



मराठी ख्रिस्ती साहित्यिकांच्या या मेळाव्याचे अध्यक्षपद तुम्ही मला दिलेत, त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे. अशा भाषणात गेल्या वर्षातल्या पुस्तकांचा आढावा घ्यायचा रिवाज आहे. कार्यवाहांच्या अहवालात तो चांगला आला आहे, म्हणून मी त्यात वेळ घालवत नाही. मला एकाच गोष्टीविषयी बोलायचे आहे. मृतांच्या पुनरुत्थानावर आणि सार्वकालिक जीवनावर आपला विश्वास आहे, हे आपण उपासनेत उभे राहून मोठ्याने कबूल करतो. हे कबूल करून देवळाबाहेर पडणाऱ्या माणसाचे सोमवार ते शनिवारचे जगणे कसे असते? आणि त्याच्या हातात लेखणी असेल, तर ती कशी चालते?

आपल्यावर एक जुना आक्षेप आहे. स्वर्गाकडे डोळे लावून बसलेल्यांना पायाखालची जमीन दिसत नाही, असे लोक म्हणतात. बाहेरचेच म्हणतात असे नाही, आपली कॉलेजात शिकणारी मुलेही आता घरात हेच विचारतात. तो आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही, कारण काही ठिकाणी तो खरा आहे. त्याकडे मी येतेच. पण महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती माणसांचा इतिहास चाळला, तर अनंतकाळावर ज्यांचा सर्वांत घट्ट विश्वास होता, त्यांचेच हात इथल्या मातीत सर्वांत जास्त मळलेले दिसतात.

केडगावचे उदाहरण घ्या. पंडिता रमाबाईंनी १८८९मध्ये मुंबईत शारदा सदन काढले, पुढच्या वर्षी ते पुण्याला आणले. १८९६-९७च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, बेवारस मुलींना, विधवांना घेऊन आल्या. त्यातून केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभे राहिले. त्या मुलींना आधी पोटभर अन्न मिळाले, मग औषधपाणी, मग अक्षरओळख, मग हाताला काम. त्याच १८९७ साली पुण्यात प्लेगच्या सरकारी रुग्णालयात बायकांचे जे हाल होत होते, त्याबद्दल रमाबाईंनी वर्तमानपत्रातून उघड तक्रार केली. देवापुढे जाब द्यायचा आहे हे ज्याला पक्के ठाऊक असते, त्याला सरकारची भीती कमी वाटते.

या सगळ्या धबडग्यात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. बायबल मूळ भाषांतून मराठीत आणायचे, हा त्यांचा ध्यास. मराठी भाषांतर तेव्हा होते, पण त्यातली जड भाषा खेड्यातल्या साध्या बाईला कळत नाही, ही त्यांची खंत होती. लहानपणापासून संस्कृत पुराणे मुखोद्गत असलेली ही विदुषी. ‘पंडिता’ ही पदवी तिला कलकत्त्याच्या विद्वानांनी दिलेली. पंडिती मराठी लिहिणे तिला जड नव्हते. तिने जाणूनबुजून सोपे लिहिले. ज्या बाईसाठी ते पुस्तक होते, ती बाई तिच्या रोजच्या पंगतीला बसत होती.

आता मुक्तीतला छापखाना डोळ्यांपुढे आणा. खिळे जुळवायला उभ्या आहेत त्या आश्रमातल्याच मुली आणि बाया. त्यांच्यातल्या कित्येकजणी दुष्काळातून आल्या तेव्हा त्यांना आपले नावसुद्धा लिहिता येत नव्हते. आता त्या खणातून एकेक अक्षर उचलतात, उलट्या अक्षरांची ओळ सुलट वाचतात, काना-मात्रा तपासतात, आणि त्यांच्या बोटांखाली उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंतचा ग्रंथ पानापानाने तयार होतो. मराठी मुद्रणाच्या इतिहासात या बायकांना स्वतंत्र प्रकरण मिळायला हवे होते. ते अजून कोणी लिहिलेले माझ्या वाचनात आलेले नाही.

१९२१मध्ये रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. आश्रमाचा सारा भार जिच्यावर सोपवायचा, तीच गेली. रमाबाई स्वतः थकलेल्या, आजारी, कान जवळजवळ गेलेले. तरी मुद्रिते तपासायचे काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. अखेरच्या दिवसांपर्यंत मुद्रिते त्यांच्या हाताशी होती. बायबल प्रसिद्ध झाले १९२४मध्ये. बांधलेली प्रत त्यांनी पाहिली नाही.

मला वाटते, अनंतकाळ डोळ्यांपुढे ठेवून जगणे म्हणजे काय, हे याहून स्पष्ट सांगता येणार नाही. आपल्या हयातीत पुरे होईल तेवढेच काम हाती घ्यायचे, हा शहाण्या माणसाचा हिशेब झाला. मरणाने आपले काहीच संपत नाही असे ज्याला खात्रीने वाटते, तो त्याहून मोठे काम अंगावर घेऊ शकतो.

आपल्या साहित्यात अशी आणखी उदाहरणे आहेत. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य सुरू केले आणि थोडे अध्याय लिहून १९१९मध्ये ते प्रभूकडे गेले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले आणि साठांहून अधिक अध्याय रचले. ज्या बाईने शाळा पाहिली नव्हती, लग्नानंतर नवऱ्याकडून जी लिहायला-वाचायला शिकली, तिने महाकाव्याला हात घातला. फादर स्टीफन्स त्यांच्याही तीनशे वर्षे आधीचे. १५७९मध्ये हा इंग्रज गोव्यात आला, इथली भाषा शिकला, आणि १६१६मध्ये त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ राशोलला छापले गेले. ओवीत, मराठीत. तीन वर्षांनी तो वारला. पुढे गोव्यातल्या सत्तेला स्थानिक भाषाच नकोशी झाली. ग्रंथ टिकला तो ज्यांनी हाताने नकला करून घरात जपला त्या भाविकांमुळे, आणि १९०७मध्ये मंगळूरला तो पुन्हा छापला गेला. त्या नकला करणाऱ्यांची नावे आपल्याकडे नाहीत.

आता श्रद्धा दुसऱ्याला सांगण्याविषयी. इथे मला आपल्याच लोकांशी थोडे स्पष्ट बोलायचे आहे.

सुवार्ता सांगणे हे आपले कर्तव्य आहे, आणि आपल्या संविधानाच्या २५व्या कलमाने आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क या देशातल्या प्रत्येकाला दिला आहे. त्या हक्काबद्दल दबक्या आवाजात बोलायचे कारण नाही. पण हक्क आहे म्हणून सांगणे चांगले होत नाही. आपल्याकडे साक्षीच्या ज्या पुस्तिका निघतात, त्या मी आवर्जून वाचते. बऱ्याच एका साच्यातल्या असतात. आधी घरात दारू, करणी, देवदेवस्की, सगळा अंधार, मग एका प्रार्थनासभेत सगळा उजेड, मग नोकरी, घर आणि मुलाला चांगले मार्क. मधली वर्षे कुठे गेली? शंका कुठे गेल्या? ज्या आईने, आजीने तुम्हाला वाढवले, रामरक्षा म्हणून निजवले, तिचे सगळे एका फटक्यात काळोख कसे झाले? मला हे खोटे वाटते. जो देव अंतःकरण पारखतो त्याच्यासमोर उद्या उभे राहायचे आहे, असे मानणाऱ्याने आपल्याच आयुष्याची कहाणी वाढवून-चढवून सांगावी, याचे मला दुःख होते.

टिळकांनी असे केले नाही. आपण ख्रिस्ताकडे तुकारामांच्या वाटेने आलो, हे त्यांनी कधी लपवले नाही. त्यांनी अभंग लिहिले, कीर्तने केली, आणि शेवटच्या वर्षांत साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला, तेव्हा बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही तिथे जागा दिली. स्वतःच्या घरातली गोष्ट तर त्याहून बोलकी आहे. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ला झाला, लक्ष्मीबाईंचा १९००मध्ये. मधल्या पाच वर्षांत त्या बाईने काय सोसले आणि किती भांडली, ते तिचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. टिळकांचे त्यात चुकलेही, आणि लक्ष्मीबाईंनी ते झाकलेले नाही. पण तिच्या मनाचा निर्णय तिच्यावतीने त्यांनी घेतला नाही. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न तिने स्वतःशीच सोडवला, आणि तो सुटल्यावर ती आपल्या पायांनी चालत आली. म्हणूनच ते पुस्तक आज ख्रिस्ती नसलेली मराठी घरे इतक्या प्रेमाने वाचतात. आपल्या किती साक्षी असे कोणी वाचते?

आमच्या मंडळीतला एक प्रसंग सांगते. एका घरी कर्ता माणूस गेला होता. रात्रभर मंडळी ‘उपासना-संगीत’ या गीतसंग्रहातली गीते म्हणत बसली होती. सकाळी शेजारच्या काकू चहाची किटली घेऊन आल्या. त्या वारकरी घरातल्या, गळ्यात माळ. त्यांनी दारातच हलक्या आवाजात त्या घरच्या बाईला विचारले, “अगं, माणूस गेलंय आणि तुम्ही गाताय कसं?” ती बाई रडतच होती. रडतच ती म्हणाली, “काकू, माझं घर रिकामं झालंय, ते मला दिसतंय. पण ते कुठं गेलेत तेही मला ठाऊक आहे. म्हणून दोन्ही चाललंय.” काकूंनी किटली खाली ठेवली आणि तिच्याजवळ बसून राहिल्या. त्या काही ख्रिस्ती झाल्या नाहीत. पण पुढे कितीतरी दिवस त्या आमच्या बायकांना त्या आशेविषयी विचारत राहिल्या, आणि आमच्या बायका आपल्याला जमेल तसे सांगत राहिल्या. आशेचे कारण कोणी विचारले तर नम्रतेने सांगायला तयार असा, असे पेत्र आपल्या पत्रात सांगतो. त्यासाठी कोणी विचारावे असे काहीतरी आधी आपल्या घरात दिसायला हवे.

आणि जे दिसायला नको ते आपल्याकडे दिसते, हेही या व्यासपीठावरून बोलले पाहिजे. आपण ज्या स्वर्गाची आशा धरतो, तिथे सर्व राष्ट्रांचे, सर्व वंशांचे आणि भाषांचे लोक एका सिंहासनासमोर उभे आहेत. हे आपल्याच पुस्तकातले चित्र आहे. आणि इथे मुलीचे लग्न ठरवताना आपण पाळकांना बाजूला घेऊन विचारतो, “मूळचे कोण?” नगर, जालना, औरंगाबाद या भागांतल्या आपल्या मंडळ्या प्रामुख्याने त्या काळच्या महार-मांग वस्त्यांतून उभ्या राहिल्या. गावाने ज्यांना वेशीबाहेर ठेवले, त्यांनी ख्रिस्ताचे नाव घेतले. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे त्यांच्या लेकरांना ख्रिस्ती म्हणून अनुसूचित जातींच्या सवलती मिळत नाहीत, तो अन्याय वेगळाच. पण मंडळीच्या आतली उतरंड कोणत्या आदेशाने आली? स्वर्गावर विश्वास आहे म्हणणाऱ्याने ती उतरंड चालू ठेवली, तर वर सांगितलेला आक्षेप त्याला पुरता लागू पडतो. आपल्या कथा-कादंबऱ्यांत हा विषय फार कमी येतो. तरुण लेखकांनो, तो लिहा. मंडळीला राग येईल. येऊ द्या.

या उतरंडीच्या उलट चालणारेही आपल्यात झाले. जामखेडला डॉक्टर रजनीकांत आणि मेबल आरोळे या दाम्पत्याने १९७०मध्ये काम सुरू केले. दोघे वेल्लोरला शिकलेले डॉक्टर, शहरात सुखाने राहता आले असते. त्यांनी गावातल्या निरक्षर, बहुतेक दलित, काही टाकलेल्या बायकांना आरोग्यसेविका केले. बाळंतपण कसे करायचे, हगवणीने सुकलेल्या पोराला मीठ-साखरेचे पाणी कसे द्यायचे, हे त्या बायका सवर्णांच्या ओसरीवर जाऊन सांगू लागल्या. १९७९मध्ये आरोळे पतिपत्नींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, जगभरचे लोक ते काम पाहायला आले. आपण हे ख्रिस्तामुळे करतो, हे त्या दोघांनी कधी लपवले नाही. पण उपचारांची किंमत म्हणून त्यांनी कोणाकडून धर्मांतर मागितले नाही.

लेखणीने हेच करणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो आता आपल्यात नाहीत. ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक म्हणून त्यांनी वसईच्या वाडीतला शेतकरी आणि पुण्यातला प्राध्यापक एका वाचकवर्गात आणले. हरित वसईसाठी ते रस्त्यावर उतरले. ‘सुबोध बायबल’ लिहिले, आणि २०२०मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. एका धर्मगुरूला हे पद कसे, असे विचारणारे तेव्हा होते. उत्तर त्यांच्या भाषेने दिले. अशी भाषा कमवायला आयुष्य जाते. ती आपल्याकडे आता किती जणांकडे आहे, याचा विचार करून मी अस्वस्थ होते. आपली मुले इंग्रजीत प्रार्थना करतात, गीते पडद्यावर रोमन लिपीत झळकतात, आणि १८४२मध्ये सुरू झालेल्या ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाचे जुने अंक कोणाच्या तरी कपाटात पिवळे पडत आहेत.

म्हणून शेवटी एकच विनंती. आपल्या मंडळ्यांमध्ये अजून अशा वृद्ध बाया आहेत, ज्यांच्या आया आणि आज्या बायबलबाई म्हणून उन्हातान्हात खेड्यापाड्यांत पायी फिरल्या. दुष्काळात, प्लेगात कोणाच्या दारात त्या बसल्या, काय म्हणाल्या, कोणी हाकलले, कोणी पाणी दिले, हे सगळे या बायांच्या तोंडी आहे, कागदावर नाही. इथून घरी गेल्यावर या महिन्यात त्यांच्यापैकी एकीकडे जा. वही घेऊन जा, फोनवर ध्वनिमुद्रण करा. त्या जशा बोलतील तसे, त्यांच्याच बोलीत लिहा. न पटणारे गाळू नका, चमत्कार वाढवू नका, ज्यांनी दगड मारले त्यांच्याविषयीही त्या जे बोलतील तेच लिहा. पुढच्या संमेलनाला येताना ते हस्तलिखित बरोबर आणा. छापायची जबाबदारी आपण सगळे मिळून घेऊ.