भर शेतातील शमी
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त जोधपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



नोकरीनिमित्त या मरुप्रदेशात प्रथम आलो, तेव्हा दसऱ्याला शमी कोठे मिळेल, अशी चौकशी आम्ही शेजाऱ्यांकडे केली. त्यांनी हसून गावाबाहेरच्या बाजरीच्या शेतांकडे बोट दाखविले. तेथे जागोजाग उभी असलेली खेजडी म्हणजेच आपली शमी! पांडवांनी अज्ञातवासात ज्या वृक्षावर शस्त्रे लपविली, तो वृक्ष येथे शेतकऱ्याचा भागीदार होऊन राहिला आहे. पुढे याच झाडाच्या अभ्यासाचा योग आला. त्यातून जे उमगले, तेवढेच आज आपणांपुढे ठेवावयाचे आहे.

आपल्याकडे शेतकरी झाड ठेवतो ते बहुधा बांधावर. पिकावर सावली पडू नये, ही त्याची चिंता. येथे मात्र खेजडी भर शेतात उभी असते आणि तिच्याखालची बाजरी खुरटण्याऐवजी पुष्कळदा अधिक जोमाने वाढते. याचे इंगित काय? तिचे सोटमूळ फार खोल जाते, त्यामुळे वरच्या थरातील ओलाव्यासाठी तिची पिकाशी फारशी स्पर्धा होत नाही. पाने बारीक असल्याने ऊन गाळून खाली येते. मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतील नत्र बांधतात आणि गळलेला पाला मातीत मिसळतो. येथील केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेत झालेल्या परीक्षणांतही झाडाखालची माती उघड्या शेतातील मातीपेक्षा अधिक कसदार आढळली आहे. हिवाळ्यात फांद्या छाटल्या की रब्बीच्या पिकाला ऊन मिळते आणि गुरांना ‘लूंग’ म्हणजे पाल्याचा चारा मिळतो. हिरव्या शेंगांची सांगरी तर आता आपल्याही स्वयंपाकघरांत रुळली आहे.

वर्षाला जेमतेम ३५० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या भागात पीक बुडाले तरी झाड काही ना काही देतेच. संवत १९५६ च्या, म्हणजे इ. स. १८९९-१९०० च्या, भीषण दुष्काळात लोकांनी खेजडीची साल दळून खाल्ली. भर उन्हाळ्यात सारे रान निष्पर्ण असता ही नवी पालवी धारण करते. मधमाश्यांना फुले, पक्ष्यांना घरट्याची जागा आणि गुराढोरांना सावली देते. जंगल फार दूर असले, तरी त्याचा अंश शेतात नांदतो तो असा. १७३० साली येथून जवळच्या खेजडली गावी अमृतादेवी आणि तिच्यासह ३६३ बिश्नोईंनी या झाडांसाठी प्राण दिले, त्यामागे भक्तीप्रमाणेच हे व्यवहारज्ञानही असले पाहिजे.

एका गावात आम्ही झाडांची मोजदाद करीत होतो. आकडा मोठा निघाला, आम्ही संतुष्ट झालो. तेव्हा एका वृद्ध शेतकऱ्याने शांतपणे विचारले, “झाडे मोजलीत, रोपे मोजलीत का?” आम्ही रोपे शोधू लागलो आणि निरुत्तर झालो. साऱ्या झाडांना वार्धक्य आलेले. कोवळे रोप क्वचितच दिसे. बैलाच्या नांगरामागे चालणारा माणूस रोप पाहून नांगर वळवी. ट्रॅक्टरला ते दिसत नाही. त्याच्या तव्यांखाली रोपे जातात आणि जुन्या झाडांची मुळेही दुखावतात. झुंझुनू, सीकर, नागौर या जिल्ह्यांत खेजड्या वाळू लागल्या, त्यामागे मूळ पोखरणारा भुंगा, बुरशी आणि खोल गेलेले भूजल ही कारणे पुढे आली आहेत. अलीकडे सौरऊर्जेच्या प्रकल्पांसाठीही त्या तोडल्या जात असल्याने लोक आंदोलने करीत आहेत.

१९८३ साली खेजडी राजस्थानचा राज्यवृक्ष झाली. २०१४ साली देशाने राष्ट्रीय वनशेती धोरण स्वीकारले. या गोष्टी स्वागतार्हच आहेत. परंतु रोप वाचते ते शेतात. आपोआप उगवलेल्या रोपाशेजारी एक खूण रोवावी, भोवती बोरीच्या काट्यांचे कुंपण घालावे आणि काही वर्षे नांगर वळवावा. उपाय एवढाच आहे, पण तो ज्याने करावयाचा त्या शेतकऱ्याला त्याचा मोबदला व मान मिळाला पाहिजे.

मंडळाने पन्नास वर्षे येथे दसरा साजरा केला, शमीची फांदी दर वर्षी कोणा ना कोणाच्या शेतातून आणली. आमची विनंती इतकीच की, यापुढे फांदी आणावयास जाल तेव्हा त्या शेतकऱ्याकडे त्याच्या रोपांची विचारपूस करा, आणि एखाद्या रोपाच्या कुंपणाला आपलाही हातभार लावा. शंभर वर्षांहून अधिक जगणाऱ्या या झाडाची खरी पूजा ती हीच, असे आम्हांस वाटते.