अर्जदारांची परंपरा



पदवीदानाच्या मंगल प्रसंगी ज्ञानाची महती गाण्याचा प्रघात आहे. परंतु हे ज्ञान ज्यांच्या वाट्याला आलेच नाही, त्यांच्या वतीने सरकारदरबारी दाद कोणी मागावयाची, हा प्रश्न मला आज अधिक निकडीचा वाटतो.

१८८२ साली शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी जे निवेदन सादर केले, त्यात सरकारी महसुलाचा मोठा भाग रयतेच्या कष्टांतून जमा होत असता त्याचा लाभ मात्र वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणास मिळतो, अशी रोखठोक तक्रार होती, आणि वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणीही होती. या तक्रारीचा हवाला देऊन आज कोणी महाविद्यालयांचे अनुदान आखडते घेऊ म्हणेल, तर तो तिचा विपर्यास होईल. रयतेच्या मुलाला महाविद्यालयाच्या दारापर्यंत पोचविणे, हेच तिचे खरे निराकरण होय. १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यास वसतिगृह चालविले आणि १९४७ मध्ये तेथेच महाविद्यालय उघडले, ते याच न्यायाने.

फर्ग्युसन महाविद्यालयात अध्यापन केलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये वरिष्ठ कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. पुढल्याच वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले आणि १९१५ मध्ये गोखले निवर्तले. मागणी एकट्या गोखल्यांची असती, तर ती त्यांच्याबरोबरच संपली असती. परंतु १९१७ मध्ये शाहू छत्रपतींनी कोल्हापूर संस्थानात सक्तीच्या शिक्षणाचा हुकूम काढला, आणि १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांच्या विधेयकाने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना तसा अधिकार मिळवून दिला.

मिळालेला हक्कही आपोआप टिकत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांत दुर्बल व वंचित घटकांतील बालकांसाठी २५ टक्के जागा राखल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास त्या खासगी शाळेस या तरतुदीतून सूट दिली. पालक आणि संघटना उच्च न्यायालयात गेल्या. जुलैमध्ये न्यायालयाने तो नियम रद्द ठरविला आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयावर शिक्कामोर्तब केले. ज्यांच्यासाठी हा झगडा झाला, त्या बालकांना स्वतःचे नावही अजून लिहिता येत नव्हते. अर्ज इतरांनी लिहिला, म्हणूनच तो दाखल झाला.

स्नातकहो, तो अर्ज लिहिण्याची पात्रता आज तुमच्या ठायी आली आहे. महाविद्यालयांतील रिक्त पदे, तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे राबणारे प्राध्यापक, रखडलेल्या शिष्यवृत्त्या, एका शिक्षकावर चालणाऱ्या वाडीवस्तीवरील शाळा, या गोष्टी तुम्ही पाहिल्या आहेत. एकट्याची तक्रार बहुधा दप्तरी दाखल होते. म्हणून पालक, शिक्षक आणि विद्यार्थी यांना एकत्र आणा, अंदाजपत्रकातील शिक्षणाची बाब वाचावयास शिका, शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेस जा, आणि नकार आला तर फेरविचाराची मागणी सोडू नका. तुमच्या पदवीवर या विद्यापीठाची मुद्रा असली, तरी तिचा खर्च रयतेने सोसला आहे. रयतेच्या मुलांच्या वतीने सही करताना हात आखडता घेऊ नका.