धक्क्यानंतरची पन्नास मिनिटे



शाळेच्या हीरकमहोत्सवात गुणवंतांचे स्मरण व्हावे, निकालांच्या परंपरेचा गौरव व्हावा, हे स्वाभाविकच आहे. परंतु पालक शाळेच्या स्वाधीन करतात ती पहिली ठेव म्हणजे मुलाचा जीव. विद्येचा विचार त्यानंतरचा. ही ठेव कशी राखली जाते आणि कशी हातून निसटते, याचा धडा २०११ साली जपानच्या ईशान्य किनाऱ्यावरील काही शाळांनी जगापुढे ठेवला. आजचे विवेचन त्याविषयी आहे.

११ मार्च २०११, शुक्रवार. दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी समुद्रतळाखाली ९.० तीव्रतेचा भूकंप झाला. जपानला भूकंप नवा नाही. १९२३ च्या महाभूकंपाची आठवण म्हणून १ सप्टेंबर हा दिवस तेथे आपत्तिनिवारण दिन म्हणून पाळला जातो आणि शाळाशाळांतून सराव होतात. इमारती अशा बांधतात की त्या डोलतील, पण कोसळणार नाहीत. त्या दिवशीही बहुतेक उभ्या राहिल्या. तरीही सुमारे १६ हजार माणसे मृत्युमुखी पडली आणि अडीच हजारांहून अधिक बेपत्ता झाली. दहांपैकी नऊ बळी बुडून गेले. जमिनीच्या हादऱ्यातून जे वाचले, त्यांना त्सुनामीने गाठले. हादरा थांबल्यापासून पाणी येईपर्यंतचा अर्धा-पाऊण तास हाच जीवनमरणाचा काळ ठरला.

इवाते प्रांतातील कामाइशी हे या किनाऱ्यावरील एक शहर. १८९६ आणि १९३३ सालच्या त्सुनामींनी हा सारा किनारा उद्ध्वस्त केला होता. पुढे, २००९ मध्ये, कामाइशीच्या खाडीच्या तोंडाशी ६३ मीटर खोल तळापासून उभारलेला प्रचंड लाटरोधक बंधारा पूर्ण झाला. एवढे संरक्षण लाभले की माणूस निर्धास्त होतो. नेमकी हीच निर्धास्तता घालविण्यासाठी गुन्मा विद्यापीठाचे प्राध्यापक तोशिताका काटादा काही वर्षे तेथील शिक्षकांसह शाळांतून काम करीत होते. त्यांची सूत्रे तीन : ठरीव अंदाजावर विसंबू नका; परिस्थिती कोणतीही असो, शक्य तितके प्रयत्न करा; आणि इतरांची वाट न पाहता स्वतः पुढे होऊन सुरक्षित जागी निघा. हे धडे वर्षातून एकदा होणाऱ्या कवायतीपुरते नव्हते. नेहमीच्या विषयांच्या तासांतही त्यांना स्थान मिळाले.

उनोसुमाई भागातील प्राथमिक व माध्यमिक या शेजारशेजारच्या दोन शाळा धोक्याच्या नकाशात पाण्याच्या रेषेबाहेर होत्या. इवाते प्रांतासाठी पहिला इशाराही ३ मीटर लाटेचाच होता. तो नंतर वाढविला गेला, पण वीज गेल्याने अनेकांपर्यंत पोहोचला नाही. त्या दिवशी माध्यमिकची मुले हादरा ओसरताच उंचावर धावत सुटली. तिसऱ्या मजल्यावर जमू लागलेल्या प्राथमिक शाळेतील मुलांनी त्यांना पाहिले आणि तीही निघाली. पहिल्या ठरलेल्या जागी पोहोचल्यावर मागची दरड कोसळताना दिसली, तेव्हा मुले तेथे न थांबता आणखी वर गेली. मोठ्यांनी धाकट्यांचे हात धरले होते. थोड्याच वेळात मागे सोडलेली शाळा तिसऱ्या मजल्यापर्यंत पाण्याखाली गेली आणि पहिल्या विसाव्याची जागाही बुडाली. शहरातील सुमारे तीन हजार शाळकरी मुले वाचली. त्या वेळी शाळेच्या देखरेखीखाली नसलेली ५ मुले मात्र गेली आणि शहराने एकंदर हजाराहून अधिक माणसे गमावली. म्हणूनच ‘कामाइशीचा चमत्कार’ हा शब्दप्रयोग पुढे त्या शहरातच टाळला जाऊ लागला.

त्याच दिवशी मियागी प्रांतात, इशिनोमाकी शहराच्या हद्दीत, ओकावा प्राथमिक शाळेत काय घडले? ही शाळा समुद्रापासून सुमारे ४ किलोमीटर आत, नदीकाठी. तीही नकाशातील रेषेबाहेर. शाळेमागे टेकडी होती. आळिंबी लावण्याच्या उपक्रमासाठी मुले तिच्यावर जातही असत. हादऱ्यानंतर मुलांना शिस्तीने मैदानात आणले गेले, हजेरी झाली आणि पुढे कोठे जावे याचा निर्णय होईना. अखेर सारे निघाले ते नदीवरील पुलाजवळच्या किंचित उंच जागेकडे. ३ वाजून ३७ मिनिटांच्या सुमारास लाट आली. शाळेच्या १०८ मुलांपैकी ७४ मुले आणि त्यांच्यासोबतचे १० शिक्षक गेले.

या शिक्षकांना निष्काळजी म्हणणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. त्यांनी मुलांना सोडले नाही. काही पालकांनी न्यायालयात धाव घेतली. २०१८ मध्ये सेंदाई उच्च न्यायालयाने दोष ठेवला तो प्रामुख्याने आपत्तीपूर्वीच्या तयारीवर. शाळेच्या आराखड्यात स्थलांतराची जागा म्हणून मोकळी जागा, उद्यान असे मोघम शब्द होते. जवळपास तसे योग्य ठिकाणच नव्हते. आराखडा होता, पण तो कोणी पावलांनी चालून पाहिलेला नव्हता. शाळा आणि शिक्षण मंडळ या दोघांनाही न्यायालयाने जबाबदार धरले, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो निर्णय कायम झाला. मैदानातील त्या पन्नास मिनिटांत जो निर्णय झाला नाही, तो कित्येक वर्षे आधी व्हायला हवा होता, हे त्या निकालाचे सार.

आपत्तीनंतर मदत येतेच. जपानच्या स्वसंरक्षण दलाचे सुमारे १ लाख जवान कामाला लागले. भारताच्या राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची ४६ जणांची तुकडीही मार्चअखेरीस मियागीतील ओनागावा येथे पोहोचली. दलाची ती परदेशातील पहिलीच कामगिरी. त्या जवानांनी बर्फात, चिखलात ढिगारे उपसले. परंतु तोवर त्यांच्या हाती मुख्यतः मृतदेहांचा शोध एवढेच उरले होते. पहिल्या अर्ध्या तासात बाहेरून कोणीही येत नाही. त्या वेळी शिक्षक आणि मुले एवढीच असतात.

आणि पालक? त्या किनाऱ्यावर ‘तेंदेन्को’ असा एक बोलीतला शब्द आहे. त्सुनामी आली की ज्याने त्याने आपापले पळावे, हा त्याचा आशय. प्रथम ऐकताना तो निष्ठुर वाटतो. पण मागील त्सुनामींत आई मुलाला शोधायला गेली, मूल आईची वाट पाहत थांबले, आणि दोघेही गेले, असे घरोघरी घडले होते. तेंदेन्को पाळता येते ते परस्परांवर भरवसा असेल तरच. मूल शाळेतून नक्की उंचावर गेले असेल, ही आईची खात्री. आई आपल्याला शोधत खाली येणार नाही, ही मुलाची खात्री. म्हणूनच काटादा मुलांना सांगत, की घरी जाऊन आईवडिलांना निक्षून सांगा : आम्ही पळणारच, तेव्हा तुम्हीही पळा.

असा भरवसा सभेतील ठरावाने निर्माण होत नाही. धोका लाटेचा असो, भूकंपाचा, आगीचा वा पुराचा. मुले कोठे नेली जातील, हे पालकांना आधी ठाऊक असले पाहिजे. ती वाट शिक्षकांनी मुलांसह चालून पाहिलेली असली पाहिजे. मुख्याध्यापक जागेवर नसतील, तर निर्णय कोणी घ्यायचा, हे शिपायापासून सर्वांना माहीत असले पाहिजे. आणि धोका डोळ्यांसमोर असताना आज्ञेची वाट न पाहण्याची मुभा मुलांना शिस्तीचाच भाग म्हणून दिली गेली पाहिजे.

उनोसुमाईच्या त्या दोन शाळा जेथे होत्या, तेथे आज क्रीडांगण आहे. २०१९ च्या रग्बी विश्वचषकाचा एक सामना तेथे झाला. ओकावा शाळेचे भग्नावशेष स्मारक म्हणून जपले आहेत. येणारे लोक इमारत पाहतात आणि मग मागच्या टेकडीकडे पाहतात. प्रत्येक शाळेच्या आसपास अशी एखादी टेकडी, एखादे मोकळे मैदान, एखादी सुरक्षित वाट असतेच. ती शांततेच्या दिवसांत शोधून ठेवणे आणि मुलांच्या पायांखालची करणे, हे शिक्षणाचेच काम आहे.