पोशाख कुणाचा, हे विचारायचे राहिले

शाळेतून निवृत्त होऊन मला बरीच वर्षे झाली. पण डिसेंबर उजाडला, शेजारच्या शाळेत स्नेहसंमेलनाच्या तालमी सुरू झाल्या, की एक प्रसंग हमखास आठवतो.

आमच्या शहरातल्या शाळेत दरवर्षी एक ‘आदिवासी नृत्य’ ठरलेले असे. मुलांच्या अंगाला काळा रंग, कमरेला कागदी पानांचा घागरा, डोक्याला पिसे, हातात पुठ्ठ्याचा भाला. ‘झिंगालाला’ म्हणत मुले उड्या मारायची आणि पालक टाळ्या वाजवायचे. एका वर्षी हा नाच बसवायचे काम माझ्याकडे आले. माझ्या सातवीच्या वर्गात धडगावकडची एक मुलगी होती. वडिलांची बदली झाली म्हणून आमच्या शाळेत आलेली. मी अगदी कौतुकाने तिला म्हटले, ‘‘तू पुढच्या रांगेत राहा. हा तर तुमचाच नाच!’’ तिने मान खाली घातली आणि हळूच म्हणाली, ‘‘बाई, आमच्याकडं असं कुणीच घालत नाही.’’

दुसऱ्या दिवशी तिची आई शाळेत आली. भांडायला आली असेल, असे मला वाटले. तिने पिशवीतून एक गाठोडे काढले. त्यात घेरदार घागरा होता, ओढणी होती आणि चांदीची वजनदार हासळी होती. ‘‘लग्नाला, होळीला आम्ही हे घालतो,’’ एवढेच ती म्हणाली.

मग तिने मला काठीच्या होळीबद्दल सांगितले. नंदुरबार जिल्ह्यात, अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावची राजवाडी होळी प्रसिद्ध आहे. तिथे ‘बुध्या’ झालेले पुरुष अंगावर पांढरी नक्षी काढतात, मोरपिसांचा उंच टोप घालतात, कमरेला घुंगरू आणि सुकवलेले भोपळे बांधतात. पाहणाऱ्याला ती नुसती हौस वाटते; पण तो नवस असतो. त्यासाठी आधी काही दिवस व्रत पाळावे लागते, खाटेवर झोपायचेसुद्धा नाही. आपल्याकडे कुणी तुळशीची माळ आणि बुक्का लावून वारकऱ्याची नक्कल करत उड्या मारल्या, तर आपल्याला काय वाटेल?

मला सारे पटले होते. पण कार्यक्रम चार दिवसांवर आलेला, कपडे भाड्याने आणून ठेवलेले. ‘पुढच्या वर्षी बदलू’ असे मी म्हटले. नाच ठरल्याप्रमाणे झाला, टाळ्याही पडल्या. ती मुलगी त्या दिवशी शाळेत आली नाही. पुढच्या वर्षी आम्ही खरोखर बदल केला, पण तोवर तिच्या वडिलांची पुन्हा बदली झाली होती.

मित्रहो, २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात एक कोटीहून अधिक आदिवासी आहेत. भिल्ल, पावरा, वारली, कोरकू, गोंड... प्रत्येकाचे नेसणे वेगळे आणि त्याला कारणही असते. वारली बाई लुगडे गुडघ्यापर्यंत नेसते. चिखलात वाकून भात लावताना पायघोळ साडी कशी चालेल? या साऱ्यांचा मिळून एकच पानांचा घागरा आपण कुठून आणला?

शाळांनी हे नाच बंद करावेत, असे मी म्हणत नाही. नुसते ‘आदिवासी’ न म्हणता जमातीचे नाव सांगा. अंगाला काळे फासू नका. त्या समाजातल्या माणसाला बोलवा, काय घालायचे आणि काय घालायचे नाही ते त्यालाच विचारा. नवसाचा पोशाख नवसासाठीच राहू द्या. वर्गातले एखादे मूल सणाला आपल्या पोशाखात आले, तर नऊवारीतल्या मुलीचे करतो तेवढेच त्याचेही कौतुक करा. आणि त्याला यायचे नसेल, तर आग्रह करू नका.

मी विचारले, पण फार उशिरा. यंदाच्या तालमी सुरू होण्यापूर्वी तुम्ही विचारा, एवढेच सांगायचे होते.