दुखणं लिव्हरचं, तपासणी हृदयाची

आसेगावातून आम्ही बचत गटातल्या बाया बोलतो आहोत.

आपण काळीज म्हणतो ते नेमकं कोणतं? काळजात धस्स झालं की हात छातीवर जातो, आणि खाटकाकडची कलेजी म्हणजे लिव्हर. हाच घोटाळा आमच्या गटात झाला. एका ताईंच्या यजमानांचं लिव्हर निकामी झालंय, नागपूरला नवं बसवायचं चाललंय. तिथं आधी हृदयाच्या तपासण्या सांगितल्या. घरचे चिडले, "दुखणं पोटात अन् खर्च छातीवर!" खरं सांगायचं तर आम्हालाही तसंच वाटलं. म्हणून नीट विचारून घेतलं.

लिव्हर खराब होऊन आक्रसलं की अंगातल्या रक्तवाहिन्या सैल पडतात आणि हृदयाला जास्त रक्त ढकलावं लागतं. माणूस तर खाटेवरच पडून. ना शेत, ना चढण. त्यामुळे हृदयाचा दोष कळतच नाही, तो कळतो ऑपरेशनच्या टेबलावर. जुनं लिव्हर काढताना मोठ्या शिरा चिमट्यानं बंद करतात. नवं लिव्हर बर्फात ठेवलेलं असतं. ते जोडून चिमटे सोडले की त्यातून गेलेलं गार रक्त एकदम हृदयात शिरतं, रक्तदाब क्षणात घसरू शकतो. धरणाचं दार उघडल्यावर पाट टिकायला हवा ना, तसंच हे.

म्हणून ईसीजी आणि इको. ज्याला चालवत नाही, त्याच्या शिरेतून औषध देऊन हृदय जोरात पळवून बघतात. शंका आली तर अँजिओग्राफी. फुफ्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीतला दाबही बघतात. तो फार वाढलेला असेल तर ऑपरेशन जिवावर बेततं. पण 'आत्ता नको' म्हणजे कायमचं नको असं नाही. काहींचा दाब औषधांनी उतरतो, मग पुन्हा तपासतात. नंबर लागायला उशीर झाला तर तपासण्या परत कराव्या लागतात, त्याला लुबाडणं समजू नका.

खर्रा, विडी, दारू, शुगर, काही लपवू नका. आमच्या ताईंना बोलता बोलता आठवलं, यजमान एका पेरणीला छातीत कळ येऊन बांधावर बसले होते. ही गोष्ट कुणी डॉक्टरांना सांगितलीच नव्हती! आता त्यांनी ती कागदावर लिहून घेतलीय, चालू गोळ्यांची नावंही.

आणि हो, लिव्हरचा तुकडा ताई स्वतः देणार म्हणतात. तेव्हा त्यांच्याही हृदयाची तपासणी होणार. सोमवारच्या गाडीनं दोघंही निघताहेत.