कामगाराच्या श्वासाचें माप

आपल्यापैकीं बहुतेकांनीं बाळपणीं पाटीवर पेन्सिलीनें मुळाक्षरें गिरविलीं असतील. मध्यप्रदेशांतील मंदसौर येथें या पेन्सिली यंत्रावरील करवतीनें दगड कापून बनवीत. त्या वेळीं उडणारी धूळ कामगारांच्या फुप्फुसांत जाई आणि ऐन तारुण्यांतच कित्येकांना सिलिकोसिस जडे. हा रोग बरा होत नाहीं. शिवाय धाप लागूं लागेपर्यंत बहुधा वर्षेंच्या वर्षें निघून जातात. म्हणून शरीरानें साक्ष देण्यापूर्वींच हवेची साक्ष काढावी लागते.

ती डोळ्यांवर विसंबून निघत नाहीं. उन्हाच्या तिरिपेंत नाचणारे मोठे कण नाकांत व घशांत अडकतात. फुप्फुसाच्या तळाशीं पोंचणारे कण बहुधा 10 मायक्रॉनांहून, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून, लहान असतात.

पूर्वीं खोलींत एका जागीं यंत्र ठेवून हवा मोजीत. पण कामगार कांहीं त्या यंत्रापाशीं श्वास घेत नाहीं. तो करवतीवर ओणवा झालेला असतो! 1960 सालीं इंग्लंडांतील हार्वेलच्या अणुशक्ति-संशोधनकेंद्रांतील दोघां शास्त्रज्ञांनीं अंगावर वागविण्याजोग्या यंत्राचें वर्णन प्रसिद्ध केलें. कमरेला लहानसा पंप आणि नाकाजवळ, कॉलरशीं, गाळणी. जागच्या यंत्रापेक्षां याचा आंकडा पुष्कळदां कितीतरी अधिक येतो. बारीक धूळ वेगळी करण्यासाठीं हवा आधीं एका निमुळत्या नळकांड्यांतून गरगर फिरवितात. खळ्यावर धान्य उफणतांना जड दाणा खालीं पडतो व हलका भुसा उडतो, तसेंच हें. मात्र येथें आपणांस हवा असतो तो भुसा!

मिनिटाला 2.2 लिटर या वेगानें आठ तासांत 1,056 लिटर, म्हणजे एका घनमीटरहून किंचित् अधिक हवा गाळली जाते. अमेरिकेनें 2016 सालीं श्वासांतील स्फटिकरूप सिलिकेची मर्यादा आठ तासांच्या सरासरीनें घनमीटरला 50 मायक्रोग्रॅम ठरविली. दिवसभरांत गाळणीवर तेवढी सिलिका जमली, तरी तिचें वजन मिठाच्या एका बारीक कणाएवढेंच! म्हणून गाळणी आधीं व नंतर अतिसूक्ष्म तराजूंत तोलतात आणि त्या धुळींत सिलिका किती, हें क्ष-किरणांनीं पाहतात.

मला मात्र यंत्राहून यंत्र बांधणारा महत्त्वाचा वाटतो. पाळी संपतांना कोणी पंधरा मिनिटें कोरड्या झाडूनें जमीन झाडली आणि तपासनीस त्यापूर्वींच पंप सोडवून निघून गेला, तर आंकडा अगदीं निर्दोष येईल. आणि यंत्र मुकादमाच्या कॉलरला लावलें, तर तो आंकडा मुकादमाचा, करवतीवाल्याचा नव्हे.